दात दिसलेला फोटो

मूर्खपणा पुष्कळ जण करतात, पण मूर्खपणासोबत नाव, गाव आणि बापाचं नाव असा पूर्ण पत्ता जाहीर करणारी अख्ख्या अकोल्यात मी एकटीच असेन. भर बाजारात, कापसाच्या गाड्यांच्या रांगेपुढे, हातात बाबांच्या जेवणाचा रिकामा डबा घेऊन मी तो जाहीर केला. कुणी दरडावलं नव्हतं. एका म्हाताऱ्या गाडीवानानं सहज विचारलं होतं. इतिहासाच्या बाईंनी प्रश्न विचारला की जमिनीकडे बघणारी मी त्या दिवशी अशी खणखणीत बोलले, की मागच्या तीन गाड्यांच्या बैलांनीही माना वळवल्या असतील. ती पोट्टी मला आजही दिसते. दोन वेण्या, वेण्यांना लाल फिती, नाक वर. तिच्या त्या वेण्या धरून तिला फरफटत घरी न्यावं असं वाटतं, पण इतक्या वर्षांनंतर वेण्या हाताला लागत नाहीत.

हे सगळं पुन्हा उकरून निघालं ते माझ्या नातीमुळे. मुक्ता पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे, आणि सुटी मिळाली की पडक्या इमारतींचे फोटो काढत हिंडते. राहत्या घरांत तिला काही दिसत नाही. छप्पर पडलं, भिंतीतून झाड उगवलं, की बाईसाहेब कॅमेरा काढतात. या दिवाळीत ती वऱ्हाडात फिरून आली आणि माझ्या शेजारी बसून फोनवर एकेक फोटो सरकवू लागली. "आजी, या भिंतीचं टेक्श्चर बघ ना!" मी म्हटलं, "बाई, असलं टेक्श्चर माझ्या गालांवर फुकट आहे, त्यासाठी अकोल्यापर्यंत कशाला पेट्रोल जाळलंस?" ती हसली, मीही हसले. मग एक धुरांड्याचा फोटो आला, आणि मी चष्मा काढून पुसला. त्यानंतर चार-पाच कुणाची तरी घरं गेली आणि एक बंद दुकान आलं, ज्याच्या दर्शनी भिंतीतलं काचेचं कपाट बिनकाचेचं उरलं होतं. आणि शेवटी शेवटी अमरावतीची एक दुमजली इमारत, ओळीनं खिडक्या, एकीलाही तावदान नाही. मुक्ताला हे तीन फोटो तीन वेगळ्या ठिकाणांचे वाटत होते. मी तिला काही सांगितलं नाही. पाणी आण म्हटलं.

धुरांडं आमच्या जिनाचं, कापसाच्या कारखान्याचं. आमचं म्हणजे मालकी शेटजींची. बाबा तिथे फिटर होते, आणि जिनाच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या ज्या खोल्या होत्या त्यांतल्या दोन आमच्या. दसरा झाला की जीन सुरू व्हायचं, ते थेट उन्हं तापेपर्यंत. कापसातून सरकी वेगळी करणारी ती यंत्रं दिवसरात्र अशी खडखडायची की आमच्या घरात हळू बोलणं ही कलाच कुणाला अवगत नव्हती. बाहेरगावी लग्नाला गेलो की लोक आईला बाजूला घेऊन विचारायचे, "काऊन वं, नवऱ्यासंग भांडण झालं का?" ती बिचारी फक्त मीठ मागत असायची. हवेत सदा रुईचे तंतू. आई परातीवर पदर धरून भाकर थापायची तरी भाकरीला बारीक कापूस चिकटायचाच, आणि बाबा म्हणायचे, "आपली भाकर पांघरून घेऊन येते." हिवाळ्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, परातभर, मधे ठेवून सगळ्यांनी खायच्या, कोवळ्या तुरीचे दाणे वांग्यात घालून केलेली भाजी, इतकी तिखट की नाकातून पाणी यावं, आणि या सगळ्यावर सरकीचा तो तेलकट, गरम वास. पहाटेचा भोंगा झाला की चूल पेटायची, दुपारचा झाला की मी शाळेतून येऊन बाबांचा डबा उचलायची. आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. जीन बंद पडायचं त्या पहिल्या रात्री मात्र मला झोप येत नसे. कान दुखायचे शांततेनं. मुक्ताच्या फोटोत तीच शांतता आहे, फक्त ती आता संपणारी नाही. खोल्या पडल्यात. एका उभ्या भिंतीवर निळीच्या चुन्याचा तुकडा आणि त्यात एक कोनाडा. मी दोन बोटांनी तो कोनाडा मोठा केला. कोनाडा मोठा झाला, मग आणखी मोठा, आणि मग नुसते ठिपके झाले.

त्या कोनाड्यात वच्छीची फणी असायची, आणि तिचं अंकगणिताचं पुस्तक. वच्छी म्हणजे वच्छला, माझी सख्खी मावशी, आईची सर्वांत धाकटी बहीण. आजीला ती उतारवयात झाली आणि आईला मी घाईत झाले, त्यामुळे मावशी आणि भाचीत जेमतेम वर्ष-दीड वर्षाचं अंतर. तिच्या गावी, हिवरखेडला, मुलींना पुढे शिकायची सोय नव्हती. बाबांनी सासऱ्यांची किती मनधरणी केली कोण जाणे, पण आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पोरीला अकोल्याला थोरल्या लेकीकडे ठेवलं. एक पेटी, एक घोंगडी आणि लोणच्याची एक बरणी घेऊन ती आली आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मले मावशी म्हनाचं. नाई तं सांगून ठेवतो, झिंज्या उपटीन." मी चारचौघांत मावशी म्हणायची आणि अंथरुणात वच्छे. एका घोंगडीत आम्ही दोघी, तिचे पाय बर्फासारखे, ते ती माझ्या पोटऱ्यांना लावायची आणि मी किंचाळले की म्हणायची, "मावशीची सेवा कर."

गणित तिचं असं होतं की शाळेतल्या मास्तरीणबाईच फळ्यावर चुकल्या की आधी तिच्याकडे बघायच्या. माझं गणित म्हणजे तिच्या पाटीवरून माझ्या पाटीवर. त्या बाई अमरावतीला शिकलेल्या. त्यांनी वच्छीच्या डोक्यात भरवलं की मॅट्रिक झालीस की अमरावतीच्या कॉलेजात जायचं. तिथे मुलींचं वसतिगृह आहे. तेव्हापासून वच्छीला दुसरा विषय नव्हता. तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती मला सांगायची, "आपली सोताची खाट असते म्हने तिथी, बेबे. आन् आपली सोताची खिडकी." तिला कॉलेज हवं होतं की खिडकी, हे मला तेव्हा कळत नव्हतं. हिवरखेडच्या वाड्यात बायकांच्या खोल्यांना खिडक्या नव्हत्या, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. आबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "मॅट्रिक होऊ दे. मंग पाहू." आबांच्या तोंडून 'पाहू' म्हणजे होच. ज्याला ते नाही म्हणायचे त्याच्याकडे ते बघायचेसुद्धा नाहीत.

आता ते बंद दुकान. तो फोटो स्टुडिओ होता. जिनाच्या पुढच्या फाटकाजवळ, कापसाच्या बाजाराच्या रस्त्यावर, जिथून वळसा घालून मी डबा न्यायची, रज्जाकभाईंचा. दारालगत रस्त्याकडे तोंड केलेलं काचेचं कपाट, त्याला सगळे शोकेस म्हणायचे. त्यात त्यांनी काढलेले उत्तम उत्तम फोटो मांडलेले: पालथं टाकलेलं उघडं बाळ, मिशा पिळलेले पहिलवान, खुर्चीच्या कडेवर बसलेले नवरे आणि शेजारी फाशी जाहीर झाल्यासारख्या उभ्या बायका. त्या वर्षी बाबांच्या मनात आलं, आपल्या घराचा एक फोटो असावा. आम्ही चौघं, म्हणजे बाबा, आई, मी आणि धाकटा बाळू, नटूनथटून गेलो. वच्छी नुसती सोबत आली. आई म्हणाली, "तूही बस ह्यात." तर म्हणे, "आबाईले विचारल्याबिगर कसा काढू फोटो?" आणि ती बाजूला उभी राहून बाळूला गप्प बसवत राहिली.

आमचा फोटो झाला. रज्जाकभाई म्हणाले, काचेची प्लेट एक बाकी आहे, कुणाचा एकटीचा काढायचा का? मी वच्छीला ढकलत स्टुलावर नेऊन बसवलं. ती उठायला लागली, "अवं पन आबा..." तर मी म्हटलं, "कोन पाहून राह्यलं?" बाबाही म्हणाले, बस, बस. मागे पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात दोन बदकं, शेजारच्या तिवईवर कागदी गुलाब. ती अशी ताठ बसली की जणू आता शपथ घ्यायची आहे. रज्जाकभाई काळ्या कापडाखाली शिरले, वाकले, आणि मागून मला दिसलं की हा तर हुबेहूब पोळ्याचा बैल, झूल घातलेला! मग मला राहवलं नाही. मी त्यांच्या मागे जाऊन वाकून त्या बैलाला ओवाळलं. कपाळाला कुंकू लावल्यासारखं केलं. पुरणपोळीचा घास पुढे धरला आणि बैल खात नाही म्हणून हात जोडून विनवलं. वच्छीचे ओठ आधी थरथरले, मग गाल, आणि ज्या क्षणी रज्जाकभाईंनी रबराचा फुगा दाबला त्याच क्षणी ती हसली. गालातल्या गालात नव्हे. तोंड उघडून, सगळे दात दाखवत, डोळे मिटून.

"अरे, हँस दिया! प्लेट गई!" रज्जाकभाई कापडातून बाहेर येऊन म्हणाले. त्या काळी फोटोत हसायची रीत नव्हती. बाबांनी मला एक टपली मारली, वच्छीनं घरी जाताना चिमटा काढला, आणि तो फोटो बिघडला असं समजून सगळे विसरून गेले.

आठवडाभरानं बाबांनी मला डबा पोचवून येताना आमचा घरचा फोटो घेऊन यायला सांगितलं. रज्जाकभाईंनी तो पुठ्ठ्यात घालून दिला, आणि मग खणातून आणखी एक काढला. बाहीनं हलकेच पुसून त्यांनी तो माझ्यासमोर धरला. प्लेट गेली नव्हती. वच्छी होती. एक वेणी खांद्यावरून पुढे आलेली, वरचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला, आणि हसू असं की बदकंही हसताहेत असं वाटावं. रज्जाकभाई म्हणाले, "बेटी, तीस साल से फोटो निकालता हूँ. ऐसा एक नहीं आया. शोकेस में लगाऊँ?" मग त्यांनीच थांबून, बोट वर करून विचारलं, "पर घर में पूछना पडेगा. तेरे बाबा से पूछ के आ." मी बाहेर गेले, कोपऱ्यावरच्या वडाला एक फेरी मारली, आणि परत येऊन म्हटलं, "विचारलं. हो म्हणाले."

का केलं हे, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर एवढं लहान आहे की सांगायची लाज वाटते. मला गंमत करायची होती. वच्छीची शाळा उलट्या दिशेला, आणि कापसाच्या दिवसांत त्या रस्त्यावर गाड्या आणि गडी यांचीच गर्दी, म्हणून तिला तिकडे जायची बंदी होती. मी तिच्याहून लहान, डब्याच्या निमित्तानं मला मोकळीक. संक्रांतीला बायका तीळगूळ द्यायला निघाल्या की त्या रस्त्यावरून वच्छीला न्यायचं, शोकेससमोर उभं करायचं, आणि म्हणायचं, पाह्य, कोन हाये! तोवर कुणाला अवाक्षर सांगायचं नाही. पोटात गुपित धरून मी घरात अशी फिरत होते की आईनं मला दोनदा एरंडेल दिलं.

संक्रांत यायची होती आणि बाजार भरात होता. अकोटाकडे भाव उतरले की हिवरखेड-तेल्हाऱ्याकडच्या गाड्याही अकोल्याला येत. दिवसभर रस्त्यावर बैलगाड्यांची रांग, आणि रांग स्टुडिओवरूनच जाई. गाडी पुढे सरकेपर्यंत माणसांना काम नसे. ती शोकेससमोर उभी राहत. मी डबा देऊन परतताना पलीकडे उभी राहून बघायची. पहिलवानांपुढे कुणी थांबत नव्हतं. सगळे वच्छीपुढे. बघायचे आणि त्यांच्याही तोंडावर थोडं हसू यायचं. मला वाटे, हे हसू मी केलंय. मी बैल ओवाळला म्हणून हे सगळं.

त्या दिवशी एक म्हातारा होता, पांढरं पागोटं, कानात भिकबाळी. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि आपल्याशीच म्हणाला, "कोनाची पोट्टी असंन हे?" त्याला उत्तर नको होतं. तो पुढे निघालाच होता. आणि मी रस्ता ओलांडून गेले.

"माही मावशी हाये ते," मी म्हटलं. "वच्छला. हिवरखेडच्या तुकाराम पाटलाची लेक."

म्हातारा वळला. माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "तुकाराम पाटलाची?" तो म्हणाला. मी मान डोलावली. वर म्हटलं, "गणितात पह्यली हाये." त्यानं मागच्या गाडीवाल्याला हाक मारली, आणि तोही उतरून आला, आणि त्याच्या मागचाही. ती सगळी रांग हिवरखेडची होती.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल, एका संध्याकाळी आबा आले तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. दारात जोडे काढले, आत आले, भिंतीला टेकून बसले. आईनं पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. उजव्या हाताचं बोट रक्तानं माखलेलं होतं आणि ते धोतराच्या सोग्यात दाबून धरलेलं. वच्छी ताटावरून उठली. जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, हळद आणली, त्यांच्यासमोर बसून बोट धुतलं आणि बांधलं.

"कशानं कापलं, आबा?"

"काचेनं."

ती गाठ मारत होती आणि आबा तिच्या डोक्याकडे बघत होते. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत काहीतरी वेगळं होऊ शकत होतं. गाठ बांधून झाली, त्यांनी हात मागे घेतला आणि आईला म्हणाले, "हिची पेटी बांध."

बाबा ताटावरून अर्धे उठले. "काऊन, मामाजी? मॅट्रिकले दोन महिने राह्यले."

"साऱ्या गावानं पाह्यलं, जावईबापू. चावडीवर मले विचारून राह्यले लोक, पाटील, पोरगी शिकाले ठेवली का दात काढून बाजारात बसाले?" आबा कधी ओरडत नसत. जिनाच्या खडखडाटात त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही सगळे वाकून ऐकत होतो. "शेंदूरजन्याची सोयरीक होत होती. त्याईचाही माणूस होता बाजारात. म्या त्या मियाँच्या दुकानाची काच फोडली, त्याच्याच हातानं त्याची ते प्लेट फोडाले लावली, आन् कागद चुलीत घातला."

"कोनता कागद, आबा?" वच्छीनं विचारलं. "कोनता फोटो?"

आबांनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "पाह्य वं," ते आईला म्हणाले, "वरून विचारून राह्यली, कोनता फोटो."

मी बोलले. बोलले नाही असं नाही. मी म्हटलं, मी लावायला सांगितला, मी नाव सांगितलं, तिला माहीतच नाही. बाबांनी मला थोबाडीत मारली, आयुष्यात एकदाच. आबा मात्र रागावले नाहीत. ते माझ्याकडे दयेनं पाहून म्हणाले, "भाचीनं मावशीसाठी खोटं बोलाचं असते." मी खरं बोलत होते आणि घरात एकाही माणसाला ते खरं नको होतं. पहाटेच्या भोंग्यापर्यंत पेटी बांधून झाली. घोंगडी तिनं ठेवली. पुस्तकं आबांनी ठेवायला लावली, आता तिथे काय करायची आहेत म्हणून. कोनाड्यातलं अंकगणित कोनाड्यातच राहिलं. पुढल्या वर्षी मी मॅट्रिक झाले ती त्याच पुस्तकांवर.

शेंदूरजन्याचं चांगलं स्थळ गेलं, आणि त्याच गावातलं दुसरं आलं: बिजवर, दोन लेकरांचा बाप, संत्र्याचे मळे, वय वच्छीच्या दुप्पट. लग्नाला आम्ही गेलो. डोक्यावरून शालू नाकापर्यंत ओढलेला होता. मला तिचे फक्त हात दिसले. हळदीत मी तिच्या कानाशी वाकून वच्छे म्हटलं. तिनं मान हलवली नाही.

मॅट्रिकनंतर अमरावतीला निघण्याआधी मी रज्जाकभाईंकडे गेले. शोकेसला नवी काच होती, आत नुसती बाळं आणि पहिलवान. मी म्हटलं, काचेच्या प्लेटवरून आणखी एक प्रत काढून द्या. ते म्हणाले, "बेटी, पाटीलसाब ने प्लेट मेरेही हाथ से तुडवाई." नंतर म्हणाले, "तूने पूछा नहीं था ना घर में?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि गिऱ्हाइकाकडे वळले. मुक्ताच्या फोटोत ते शोकेस आहे, मागच्या फळीला खिळेही आहेत. फोन पुढे-मागे करून मी पाहिलं, वच्छीचा खिळा कोणता असेल. वेडी म्हातारी. खिळ्यांना काय चेहरे असतात?

आणि हे लिहून टाकते, नाही तर टाळेन. वच्छी जाऊन बरीच वर्षं झाली. तेरवीला मी गेले तेव्हा तिचे सावत्र मुलगे, भली माणसं, घरभर फोटो शोधत होते. हार घालायला एक फोटो हवा होता. लग्नाचा नाही, नातवंडांच्या बारशाचा नाही, मतदानाच्या ओळखपत्राच्या वेळीसुद्धा ती पदर तोंडावर घेऊन परतली होती म्हणे. शेवटी पाटावर तिचा तांब्या ठेवला आणि त्याला हार घातला. सगळ्यांनी तांब्याला नमस्कार केला. मीही केला. आणि तेव्हा, तांब्यासमोर वाकलेली असताना, माझ्या लक्षात आलं की तो फोटो मलाही आता दिसत नाही. बदकं दिसतात, कागदी गुलाब दिसतात, वेणी दिसते. दात एकावर एक चढलेला होता हे मला माहीत आहे, पण दिसत नाही. तो पाहिलेल्यांपैकी मीच एक उरले असेन, आणि माझ्याकडेही तो नाही.

तिसरी इमारत ते वसतिगृह. तिथली सगळ्यात कोपऱ्यातली वरची खिडकी माझी होती. माझी स्वतःची खाट, माझी स्वतःची खिडकी, आणि पहिले सहा महिने मी रोज रात्री भिंतीकडे तोंड करून झोपत असे. मला कॉलेज नको होतं; बाबांनी हट्टानं घातलं. घरातून एकीनं तरी जायला हवं, असं ते म्हणाले होते.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात खालून निरोप आला, कुणी भेटायला आलंय. व्हरांड्यातल्या बाकावर वच्छी होती. सावत्र मुलाला डॉक्टरांना दाखवायला आणलं होतं. नवरा त्याला घेऊन दवाखान्यात बसलेला, तिला तासाभराची सुटी. गाठोड्यात माझ्यासाठी संत्री. मी तिला वर नेलं. तिनं खाटेवर हात ठेवून दाबून पाहिलं, बसली नाही. खिडकीशी गेली. बाहेर काही विशेष नव्हतं, एक पेरूचं झाड आणि धोब्याच्या दोऱ्या. ती ते पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "जेवायले काय देतात?" मी म्हटलं, "पातळ वरण." ती "हं" म्हणाली. खाली येऊन आम्ही पुन्हा बाकावर बसलो. ती संत्रं सोलू लागली, आणि मला आवरेना.

इतके दिवस पाठ केलेलं सगळं मी बोलले. पडदा, बैल, प्लेट, वडाची फेरी, संक्रांतीची गंमत, म्हातारा, नाव, गाव. माझ्यामुळे झालं सगळं, वच्छे, मी म्हटलं, त्या फोटोनं तुझा सत्यानाश झाला, तो फोटो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी रडत होते आणि रडता रडता माझं मलाच बरं वाटत होतं, हे आता लिहिताना कळतं. ती फोडीवरचे पांढरे धागे एकेक करून काढत होती. माझं संपल्यावर तिनं ती फोड माझ्या हातात दिली. नवऱ्यानं फाटकाशी येऊन खाकरलं होतं; ती उठली, पदर सारखा केला, दोन पावलं गेली आणि वळली.

"तुले तो डोयापुढं दिसते, बेबे. त्या म्हाताऱ्यानं पाह्यला, साऱ्या हिवरखेडानं पाह्यला, आबाईनं पाह्यला. म्या तं पाह्यलाच नाई. कशी दिसत होती वं मी?"